मुन्शीचाचांची लेखी हरकत

मोबाईलमधे नवीन अॅप टाकलं की खाली ते 'मी सहमत आहे' असं बटन येतं ना, ते तुम्ही किती वेळात दाबता? मी तर बघत पण नाही, अंगठा आपोआप जातो. तुमचा पण जातो, खोटं बोलू नका. पण आमच्या गल्लीत एक माणूस असा आहे की तो ते सगळं वाचतो. सगळं म्हणजे सगळं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिंबापर्यंत, मोठ्यानं. मधे चहा पितो, कुठवर आलं ते कागदावर लिहून ठेवतो, चहा झाला की परत तिथून पुढं वाचतो. आणि पटलं नाही तर कंपनीला पत्र लिहितो. निळ्या शाईनं, खाली सही करून.

हे आमचे मुन्शीचाचा.

खरं नाव अब्दुल करीम, पण ते फक्त रेशनकार्डावर. तहसीलच्या आवारात कडुलिंबाखाली एक टेबल, एक पत्र्याची पेटी आणि चार खिशांचं जाकीट घातलेला एक काटकुळा माणूस दिसला की समजायचं तेच चाचा. धंदा अर्ज लिहायचा. दाखला पाहिजे, वारसाची नोंद करायची, निराधारचा फॉर्म भरायचा, बांधावरून भांडण झालं, चला चाचाकडं. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत दस्त लिहायचे, वडील उर्दू-मराठी दोन्हीत, आणि चाचा आता मराठीत लिहितात पण बोलताना तिन्ही पिढ्या एकदम बोलतात.

अर्ज लिहून लिहून त्यांची जीभच अर्जासारखी झालीय. माझी आई कधी कधी त्यांना डबा पाठवते. डबा धुऊन परत येतो तेव्हा आत चिठ्ठी असते. 'सदर वांग्याची भाजी चवीस उत्तम होती. तथापि मीठ किंचित जादा आढळून आले. सबब पुढील खेपेस दुरुस्ती व्हावी ही विनंती.' आई आधी चिडायची. आता ती चिठ्ठीच्या पाठीमागं 'पोच मिळाली' लिहून परत पाठवते, कारण पोच मिळाली नाही तर चाचा स्वतः दारात येऊन उभे राहतात.

अॅपचे नियम बहुतेक इंग्रजीत असतात. मग चाचा मला हाक मारतात, "बेटा, जरा वाचून दाखव." मी बीसीए केलंय, गल्लीत इंग्रजी वाचणारी मी एकटीच रिकामी सापडते. एकदा त्यांनी बॅटरीचं अॅप टाकलं, तेच, मोबाईलचा उजेड पाडायचं. मी वाचत वाचत एका जागी आले, "तुमच्या फोनमधले सगळे नंबर बघायची परवानगी द्या म्हणतंय."

चाचा थांबले. "कोण म्हणतंय?"

"अॅप."

"म्हंजे बत्ती?"

"हौ."

"अंधारात मला दिसावं म्हणून बत्ती घेतली. तिला माझा मटणवाला कावून बघायचाय?"

मी म्हटलं, "चाचा, सगळेच मागतेत. दाबून टाका."

"सगळे मागतेत म्हणून द्यायचं का? उद्या सगळे माझी लुंगी मागतील."

त्याच दुपारी पत्र तयार. 'प्रति, मा. व्यवस्थापक, बत्ती अॅप. विषय: उजेड पाडणेकामी संपर्क यादीची मागणी केलेबाबत हरकत.' नियमांच्या तळाला कंपनीचा पत्ता होता, कुठल्यातरी परदेशातल्या गावचा. चाचांनी ते पत्र रजिस्टर पोस्टानं पाठवलं. मराठीत. मी म्हटलं, "अहो तिथं मराठी कोण वाचणार?" तर म्हणे, "मी त्यांचं इंग्रजी वाचलं का न्हाई? मंग त्यांनी माझं वाचावं."

उत्तर आलं नाही. चाचांनी सेलची बॅटरी विकत आणली. तिनं अजून काहीच मागितलेलं नाही.

माजलगावला एका मोठ्या कपड्याच्या दुकानात तर काउंटरवरच्या बाईनं बिल करायच्या आधी मोबाईल नंबर विचारला. चाचा म्हणाले, "कावून?" ती म्हणाली, "सिस्टीम मागते." चाचा म्हणाले, "सिस्टीमला बोलवा. मी तिच्याशीच बोलतो." मागं ही लांब लाईन, सगळे वैतागले, ती बाई बिचारी हसावं का रडावं अशी, शेवटी चाचा टॉवेल तिथंच ठेवून आले. घरी येईपर्यंत रस्त्याभर मला सांगत होते की अंग पुसायला नंबर लागत नाही, एवढं साधं आहे.

तुम्ही म्हणाल, येडा माणूस आहे. आम्ही पण तेच म्हणायचो. आता म्हणत नाही, आणि का म्हणत नाही तेच सांगायला मी बसलेय.

मी नोकरीला कुठं आहे ते आधी सांगते. तहसीलच्या बरोब्बर समोर आमचं ऑफिस आहे. घरोघरी तार ओढून इंटरनेट द्यायचं काम. मालक भागवतशेठ, दोन वायरमन, आणि काउंटरवर मी. नवीन गिऱ्हाईक आलं की मी फॉर्म भरून घेते. नाव, पत्ता, मोबाईल, ओळखपत्राची झेरॉक्स. सगळं कॉम्प्युटरला चढवते. तालुक्यातलं कोण कुठं राहतं हे तलाठ्याच्या खालोखाल मला माहीत आहे.

चाचांनी जेव्हा इंटरनेट घ्यायचं ठरवलं तेव्हा फॉर्म घरी नेला आणि तीन दिवसांनी परत आणला. लोक पेनानं टिक करतात, चाचांनी चौदाव्या कलमाखाली लाल रेघ मारून आणली होती. माझ्या समोर उभं राहून त्यांनी ते वाचलं. 'कंपनीस योग्य वाटल्यास ग्राहकाची माहिती शासनास, शासकीय अधिकाऱ्यास अथवा इतर कोणासही देण्यात येईल.'

"शासन कळलं. अधिकारी बी कळला. हा 'इतर कोणासही' कोण हाय?"

मी म्हटलं, "तसं काही नसतं चाचा, छापलेलं असतं नुसतं."

"सरकारच्या पाठीमागं लपून चाललाय गडी. मी दस्तात 'वगैरे' लिहिलं की माझा बाप हात धरायचा. म्हणायचा, करीम, या 'वगैरे'मधून उद्या कोण घुसंल सांगता येत न्हाई, दार लाव."

मग त्यांनी ते कलम खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'सही, शिक्का व जावक नंबर असलेला लेखी हुकूम आल्याशिवाय देऊ नये.' खोडलं म्हणून स्वतःची बारीक सही केली, माझी घेतली आणि भागवतशेठची घेतली. शेठ फोनवर बोलत होते, कशावर सही करतायत हे त्यांनी बघितलंच नाही. चाचांनी ते पण बघून ठेवलं. म्हणाले, "शेठ, तुमी न वाचता सही केली."

शेठ म्हणाले, "चाचा, तुमच्यावर भरोसा हाय."

"भरोसा माझ्यावर हाय, पण सही तुमची हाय."

आता सुरेखाताई. (नाव बदललंय, हे पण चाचांच्या सांगण्यावरून.) ताई दुसऱ्या तालुक्यातून आमच्या गावात राहायला आल्या, एक खोली घेतली, शिलाई मशीन ठेवलं. ब्लाऊज शिवतात, डिझाईन मोबाईलवर दाखवतात, ऑर्डरी पण तिथंच येतात, म्हणून त्यांना इंटरनेट लागायचं. फॉर्म भरताना पत्त्याच्या रकान्यात त्यांचं पेन थांबलं. एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "हे कुणाला दिसतं का हो?"

मी म्हटलं, "न्हाई ताई. आमच्या कॉम्प्युटरमधेच राहतं."

"नक्की ना? मी घर सोडून आलेय. नवरा हुडकतोय. सापडले तर मला नेतील, आणि मग..." हाताची बाही खाली ओढली. वळ मी बघितला होता.

मी म्हटलं, "ताई, मी हाय ना." बाविसाव्या वर्षी माणूस असं पटकन म्हणून जातो.

मग पत्ता लिहिला त्यांनी.

दीड एक महिना गेला असेल. बाजाराचा दिवस, रस्त्यावर गर्दी, मी काउंटरवर, आणि इतक्यात भागवतशेठचा फोन आला. "ऐक, एक जमादार येतेत तुझ्याकडं. आपल्या ठाण्याचे न्हाईत, बाहेरचे हायेत. एका बाईचा पत्ता पाहिजे त्यान्ला. देऊन टाक. पोलिसाचं काम हाय, नखरे करू नको."

मी म्हटलं, "कोणती बाई?" तर शेठनी सुरेखाताईंचंच नाव सांगितलं.

काय करावं कळेना. जमादार यायला अजून वेळ होता. मी शटर अर्धं ओढलं आणि रस्ता ओलांडून सरळ कडुलिंबाखाली. चाचा एका म्हातारीचा फॉर्म भरत होते. मी धापा टाकत सुरू झाले, "चाचा, ती आपल्याकडं एक ताई हाय ना, तिचं नाव..."

चाचांनी पेन वर केलं. "थांब. नाव सांगू नको."

"अहो पण..."

"मला कावून सांगतेस? मी तुझा शेठ हाय का? तिनं पत्ता तुला दिलाय. अमानत हाय ती. अमानत घेऊन बाजारभर पळतेस?"

बरोबर होतं त्यांचं. मग नाव न घेता सगळं सांगितलं. म्हातारीचा फॉर्म तसाच ठेवून चाचांनी ऐकलं.

"कागद आणलाय का त्यानं?"

"न्हाई, नुसता फोन हाय शेठचा."

"मंग लेखी माग. दुसरं काही बोलू नको. वाद घालू नको, नियम सांगत बसू नको. लेखी द्या, एवढंच."

"आणि आणलं लेखी तर?"

"खरा हुकूम आणला तर द्यावा लागंल. सरकार हाय ते, त्यान्ला बी चोर धरायचे असतेत. पण बेटा, ज्याचं काम खरं असतं तो कागद मागितल्यावर चिडत न्हाई."

मी परत काउंटरवर. पाचच मिनिटांत जमादार आले. अंगावर वर्दी, हातात उसाच्या रसाचा ग्लास. आरामात टेकून म्हणाले, "शेठनी सांगितलं ना? पत्ता दे."

"लेखी द्या साहेब."

"काय?"

"लेखी. सही, शिक्का, जावक नंबर."

"पोरी, शेठ बोललाय माझ्याशी."

"हौ. पण लेखी द्या."

जमादार माझ्याकडं बघत राहिले. "लई शिकलीस का? एका पत्त्यासाठी लेखी?"

"लेखी द्या."

चिडले. एकदम चिडले. रसाचा ग्लास आपटला, थोडा रस माझ्या रजिस्टरवर सांडला. "लेखीच पाहिजे ना? थांब. धा मिनिटात आणतो."

आणि आता बघा हं. जमादार बाहेर पडले आणि इकडं तिकडं बघितलं. आमच्याकडं कसं आहे, कागद पाहिजे म्हटलं की माणूस स्वतः लिहीत नाही. सरपंच असू दे, मास्तर असू दे, अर्ज लिहायचा तर तो अर्ज लिहिणाऱ्याकडूनच लिहून घ्यायचा, तशी सवयच आहे पिढ्यान् पिढ्याची. जमादारांना रस्त्यापलीकडं कडुलिंब दिसला, टेबल दिसलं, आणि ते तडक चालत गेले. मुन्शीचाचांकडं.

मी शटर पूर्ण ओढलं. नोकरी गेली तर गेली. मी पण पळाले.

मी पोचले तेव्हा जमादार स्टुलावर बसले होते आणि चाचा कागदाखाली कार्बन सारत होते. माझ्याकडं त्यांनी बघितलं सुद्धा नाही.

"चार ओळीचा अर्ज लिहा चाचा. इंटरनेटवाल्याला द्यायचाय. गिऱ्हाइकाचा पत्ता द्या म्हणून."

"लिहितो की. नाव? हुद्दा?"

जमादारांनी सांगितलं.

"ठाणं कोणतं?"

ते पण सांगितलं.

"हे तर लई लांब हाय इथून." चाचा लिहू लागले. "'हद्दीबाहेर येऊन...'"

"ते कावून लिहिता?"

"खरं हाय का खोटं?"

"खरं हाय, पण..."

"मंग ऱ्हाऊ द्या. गुन्हा नंबर?"

"गुन्हा न्हाई काही."

"तक्रार?"

"न्हाई."

"तुमच्या साहेबांचा हुकूम?"

"साहेबाला कशाला मधी आणता चाचा?"

चाचा मान खाली घालून लिहीत होते. "'वरिष्ठांना न कळविता...' बरं. बाई तुमची कोण?"

"माझ्या मेव्हण्याची बायको हाय. घर सोडून पळालीय."

"अच्छा. मंग मेव्हण्यानं हरवल्याची नोंद केली असंल."

"न्हाई केली."

"कावून?"

जमादारांना घाम आला होता, ऊन पण होतं. वैतागून म्हणाले, "नोंद केली तर ती ठाण्यात येऊन सगळं सांगंल ना बे."

चाचांनी हे पण लिहिलं. शब्दाला शब्द. फक्त 'बे' गाळलं, दस्तात शोभत नाही म्हणून.

मग ते उठून उभे राहिले. चष्मा पुसला. आता चाचांची एक पद्धत आहे, ती आवारातल्या सगळ्यांना माहीत, फक्त बाहेरच्या जमादारांना माहीत नव्हती. लिहिलेला कागद चाचा सहीच्या आधी वाचून दाखवतात. शेतसारा असो नाहीतर बकरीचा दाखला, उभं राहून, मोठ्यानं, आणि दोन साक्षीदारांसमोर. बापजाद्यापासूनची रीत. आणि त्यांचा आवाज असा आहे की नायब तहसीलदार आतून खिडकी लावून घेतात.

"ऐका मजकूर," चाचा म्हणाले. "'मी, खाली सही करणार, जमादार, हद्दीबाहेर येऊन, अंगावर सरकारी वर्दी असताना, कोणताही गुन्हा अगर तक्रार दाखल नसताना, वरिष्ठांना न कळविता...'"

"हळू वाचा की."

"दबक्या आवाजात वाचलेला दस्त वाचला म्हणून धरत न्हाईत. '...वरिष्ठांना न कळविता, माझे मेव्हण्याचे खाजगी कामासाठी, घर सोडून गेलेल्या एका महिलेचा पत्ता मागत आहे. सदर महिला ठाण्यात आल्यास सगळे सांगेल, सबब मेव्हण्याने तिची नोंद केलेली नाही. तरी कंपनीने तिची माहिती मला द्यावी ही विनंती.'"

सगळं आवार गोळा झालं. दाखल्याला आलेले धनगर, फॉर्मच्या लाईनीतल्या बाया, दोन वकील, चहावाला, झेरॉक्सवाला मशीन चालू ठेवून आला. झेरॉक्सचा तेवढा आवाज येत होता.

चाचांनी कागद जमादारांपुढं ठेवला. एकदम नम्रपणे. "काही चूक असंल तर सांगा. खोडतो, बारीक सही घेतो. न्हाईतर इथं सही करा. साक्षीदार दोन लागतेत."

मागून एक जण म्हणाला, "मी होतो साक्षीदार."

"मी बी."

"चाचा, माझं बी नाव लिवा."

पंधरावीस हात वर. मघाची ती म्हातारी, जिचा फॉर्म अर्धा राहिला होता, ती पुढं सरकली, "मला सही येत न्हाई. अंगठा चालंल का?"

चाचा म्हणाले, "पळतो आजी. अंगठा कधी बी चांगला."

जमादारांनी कागद उचलला आणि टराटरा फाडला. चार तुकडे केले, खिशात घातले.

चाचा शांतपणे खाली बसले. "फाडा. कार्बन हाय."

मग जी हसाहशी झाली ती काय सांगू. वकीलसाहेब स्टुलाला धरून हसत होते. धनगरांच्यातला एक म्हातारा दुसऱ्याला विचारत होता काय झालं, काय झालं, आणि दुसऱ्याला हसू आवरत नव्हतं म्हणून सांगता येत नव्हतं. जमादार गर्दीतून वाट काढत मोटारसायकलीपर्यंत गेले, किक बसेना, तीनदा मारली. चौथ्यांदा बसली.

त्यातल्या एका वकिलांनी कार्बनची प्रत मागितली. चाचा म्हणाले, "देतो. पण बाईचं नाव यात न्हाई, अन् ते तुमी विचारायचं बी न्हाई." आणि खरंच, अख्ख्या कागदात ताईंचं नाव कुठंच नव्हतं. 'एका महिलेचा' लिहिलं होतं. एवढ्या मोठ्यानं वाचताना पण त्यांनी अमानत सांभाळली होती, आणि हे मला घरी गेल्यावर, भाकरी खाताना कळलं. घास हातातच राहिला माझ्या.

त्या प्रतीबरोबर एक पत्र जोडून चाचांनी ते जमादारांच्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं पाठवलं. यावेळी पोच आली. नुसती पोच नाही, भागवतशेठना त्या साहेबांचा फोन आला की आमच्याकडून कुणी तोंडी माहिती मागितली तर देऊ नका, मला कळवा. शेठ फोनवर उभं राहून 'हौ सर, हौ सर' करत होते. फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता काढणार. तर म्हणाले, "त्या चाचाच्या फॉर्मवर काय लिहिलं होतं गं? ते काढ."

मी काढलं. शेठनी ते पहिल्यांदा वाचलं, स्वतःच्या सहीसकट. "मी सही केलीय का यावर?"

"हौ."

"चांगलं लिहिलंय की." आणि नवीन फॉर्म छापायला दिले, चौदावं कलम चाचांच्या शब्दांत. काउंटरच्या मागं पाटी पण लागली, 'गिऱ्हाइकाची माहिती लेखी हुकुमाशिवाय मिळणार नाही.' धारूरचा एक केबलवाला बघायला आला आणि पाटीचा फोटो काढून घेऊन गेला. आता त्याच्याकडं पण लागलीय म्हणे. परळीच्या एकानं नुसती पाटी लावली, फॉर्म जुनाच ठेवला, तर चाचांनी त्याला पत्र पाठवलंय.

सुरेखाताईंना मी सगळं सांगितलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या, मशीनवर बसल्या आणि म्हणाल्या, "जाकिटाचं माप आण त्यांचं." मग स्वतःच गेल्या चाचांकडं, स्वतःहून नाव सांगितलं, आणि कोर्टात द्यायचा अर्ज त्यांच्याकडूनच लिहून घेतला. पत्त्याच्या रकान्यात चाचांनी लिहिलं, 'वकिलामार्फत'. त्या अर्जावर कोर्टाचा हुकूम झालाय, नवऱ्यानं ताईंच्या जवळ यायचं नाही म्हणून. सही, शिक्का, जावक नंबर, सगळं आहे त्याच्यावर. ताई परवा बाजारात भेटल्या, पदर मोकळा सोडून, कोथिंबिरीवरून भांडत होत्या. मला इतकं भारी वाटलं की मी पण उगाच भांडले.

आणि चाचा तर हिरोच झाले. आवारात येणारा प्रत्येक माणूस आता 'वाचून दाखवा' म्हणतो. तलाठी म्हणतात कामं उरकेनात. लोक मोबाईलवर काय काय आलेलं चाचांना पाठवतात, हे दाबू का, ते दाबू का, ह्यात 'वगैरे' आहे का बघा. पाठवून पाठवून चाचांचा फोन पार गच्च भरला.

म्हणून ते एका दुपारी काउंटरवर आले. नवीन जाकीट घातलेलं, पाच खिशांचं. "बेटा, हे अडकतंय सारखं. बघ जरा."

मी बसले साफ करत. काय काय चालू आहे ते बघत गेले. सगळ्या परवानग्या बंद. कॅमेरा बंद, माईक बंद, नंबर बंद. एक पण अॅप सुटलेलं नव्हतं. आणि मग नकाशाचं अॅप उघडलं तर त्यात एक निळा ठिपका, खाली लिहिलेलं, तुमचं ठिकाण शेअर होत आहे, बंद करेपर्यंत चालू.

मी एकदम ओरडलेच. "चाचा, तुमच्यावर पाळत हाय. तुमी कुठं जाता कुठं येता सगळं दिसतंय कुणालातरी. थांबा, बंद करते."

चाचांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे."

"अहो, पण कुणीतरी..."

"नसीम हाय ती. माझी लेक."

मला नसीमदीदी अंधुक आठवतात. मी लहान होते तेव्हा लग्न होऊन हैदराबादला गेल्या, तिथं दवाखान्यात नर्स आहेत.

"मागल्या साली मला चक्कर आलती ना, तवा आलती दोन दिवस. तिनंच चालू करून दिलं. म्हणली, अब्बा, हे असू द्या, मला दिसत राहाल."

"फोन करतेत का दीदी?"

"ईदला करते. कामात असते. दोन लेकरं, दवाखाना. टाईम कुठं मिळतो."

ऑफिसात कुणी नव्हतं. चाचा फोनकडं बघत होते, माझ्या हातातल्या.

"टेबल उचललं की मी सरळ घरी न्हाई जात," ते म्हणाले. "आधी नसीमच्या शाळेवरून जातो, मुलींच्या. फाटकापाशी थांबतो थोडं. मंग ते वह्यापुस्तकाचं दुकान. मंग तळ्याकडं, जिथं तिला सायकल शिकवली. तिनं जर तवाच बघितलं, तर तिला कळावं ना, अब्बा कुठं उभे हायेत."

मी फोन काउंटरवर ठेवला.

"बेटा, तुला यातलं कळतं. तिनं बघितलं, तर आपल्याला कळतं का, की बघितलं म्हणून?"

मला उत्तर माहीत होतं. कामच आहे माझं ते. खोटं बोलावं असं मनात आलं, पण चाचांशी खोटं बोलता येत नाही.

"न्हाई चाचा. बघणारा बघून जातो. आपल्याला काही येत न्हाई."

चाचांनी त्यावर विचार केला. फॉर्मवरच्या एखाद्या कलमावर करतात तसा, ओठ मिटून, नीट.

"म्हंजे बघत असंल बी."

"हौ," मी म्हटलं. "असंल की."

त्यांनी फोन घेतला, नवीन जाकिटाच्या वरच्या खिशात ठेवला, वरून हात फिरवून बघितला. मग घड्याळ बघितलं.

"निघतो," म्हणाले. "शाळा सुटायची वेळ झाली."